उपाशीत उतरणारी नळी

मी नळी बोलतेय. आतून पोकळ आहे, त्यामुळे बोलणं मला जड जात नाही. पोकळ माणसंही बोलतातच की.

अंगानं पोलादी, उंची सव्वा मीटर, घेर मुठीत मावेल एवढा, आणि तोंड धारदार. मला उभं धरून जमिनीत ठोकतात. मी मीटरभर माती गिळते. मग मला उपटून आडवी करतात आणि मी गिळलेलं सगळं शेपटाकडून जसंच्या तसं परत देते, एका लांब कांडीसारखं. त्या कांडीत गव्हाची मुळं किती आहेत, कुठवर गेली आहेत, हे मोजायचं असतं.

आमच्या मॅलीत, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मॅली नावाच्याच झाडांच्या कोरड्या मुलखात, वाळू, गहू आणि मतं या तीन गोष्टींना तोटा नाही. गाडी हळू करून शेजाऱ्याचं पीक बघायचं आणि त्याच्या अकलेबद्दल मत द्यायचं, हा इथला आवडता उद्योग. पण सगळे बघतात ते वरचं. मुळांकडे बघायला कुणाला वेळ नाही, आणि डोळेही नाहीत. म्हणून मी.

माझा जन्म मर्व्ह लिंडनरच्या शेडमधला. त्याचं असं झालं. तीन वर्षांपूर्वी सरकारी संशोधन केंद्रातून ब्राइडी नावाची एक मुलगी त्याच्या रानातल्या गव्हाची मुळं मोजायला आली होती. बारीक अंगाची, कमी बोलणारी. तिच्याजवळ केंद्राची चकचकीत नळी होती. मर्व्हच्या रानांपैकी सर्वांत वाईट रान तिनं मागितलं. ते म्हणजे 'उपाशी'. पश्चिमेकडची वाळूची टेकडी आणि तिच्या पायथ्याचा उतार. हे नाव मर्व्हच्या वडिलांनी ठेवलेलं. तिथं किती पेरा, रान उपाशीच.

तीस सेंटिमीटरवर ती चकचकीत नळी वाकली. मर्व्ह कुंपणाशी उभा राहून बघत होता.

"पोरी, कागदाची आणलीस काय गं?"

ब्राइडी म्हणाली, "कागद म्हणायला हरकत नाही. चौदा सह्या घेऊन मिळालीय."

मर्व्हला उत्तर आवडलं असावं. त्यानं एका मोडीत निघालेल्या कापणी यंत्राच्या दट्ट्याचा जाड, पोकळ पोलादी पाइप घेतला, लेथवर चढवला, आतून गुळगुळीत केला. तोंडाला जुन्या नांगराच्या तव्याचं पोलाद लावलं, लालबुंद तापवलं आणि जळक्या तेलात बुडवलं. तो माझा पहिला चटका आणि पहिली अंघोळ. तोंड पोटापेक्षा केसभर अरुंद ठेवलं, म्हणजे गिळलेली माती आत घासत नाही. हे शहाणपण त्याला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. मेंढ्यांना औषध पाजायच्या नळीवरून सुचलं, असं तो सांगतो.

मोबदला म्हणून त्यानं एकच गोष्ट मागितली. जे काय मोजशील ते मला सांगायचं, आणि मला कळेल अशा भाषेत.

मी पोस्टात मावत नव्हते. निदान मर्व्हच्या मुलाचं, क्लेमचं, असं म्हणणं होतं. म्हणून तो स्वतः दोन तास गाडी चालवून मला केंद्रावर पोचवायला गेला. पंधरा दिवसांनी 'धार कशी आहे' बघायला आला. मग महिन्याभरानं मला धार लावायला घरी घेऊन आला, आणि परत पोचवायला गेला. त्या वर्षी माझी धार नऊ वेळा लावली गेली. खरं सांगायचं तर ती दोनदाच गेली होती. सातव्या वेळी क्लेमची आई डल्सी त्याला म्हणाली, "अरे, तिला एकदा जेवायला घेऊन ये. नळीला नव्हे."

मधला काही काळ मात्र वाईट गेला. केंद्रावर नवं यंत्र आलं. गाडीच्या मागे बसवलेलं, कळ दाबली की आपोआप खाली जाणारं. मला दाराला अडसर म्हणून ठेवलं. वारा आला की दार माझ्या बरगड्यांवर आपटायचं. लोक माझ्यावर छत्र्या अडकवायचे. एका साहेबानं पाहुण्याला माझी ओळख 'जुनी पद्धत' अशी करून दिली. मला तोवर दोन वर्षंही पुरी झाली नव्हती.

ब्राइडीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं साहेबाला विचारलं, ही मी नेऊ का? तो म्हणाला, दाराला दुसरं काही बघतो.

लग्न मार्चमध्ये गावच्या हॉलमध्ये झालं. मी गाडीच्या मागच्या भागात बसून सासरी आले. नवी सून आणि नवी नळी यांचं बरंचसं सारखंच असतं. पहिले काही महिने सगळे हलकेच ठोकून बघतात, हिच्यातून आवाज कसा येतो. ब्राइडीतून फारसा येत नव्हता. ती आठवड्यातले तीन दिवस घरून केंद्राचं काम करायची आणि उरलेल्या वेळात बघत बसायची. डल्सी कणीक हातानं मोजते, कपानं नाही. मर्व्ह बातम्यांमध्ये फक्त हवामान ऐकतो. क्लेम वडिलांशी बोलताना वाक्य अर्ध्यात सोडतो. कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हेही तिनं मोजून ठेवलं होतं.

मला डल्सीनं कपड्यांच्या दोरीला टेकू म्हणून वापरलं. माझी तक्रार नाही. चादरींखालून उपाशी दिसायचा.

आणि उपाशीवरूनच घरात पेच पडला.

शेजारचा इव्हान ग्रोस 'उपाशी'चं रान आपल्या मेंढ्यांसाठी मागत होता, दहा वर्षांच्या करारानं. मर्व्ह एकाहत्तरचा झालेला. त्याचं म्हणणं, वाळूशी चाळीस वर्षं भांडलो, आता पुरे. पण उपाशी गेला की उरलेल्या शेतात दोन माणसांचं काम राहत नव्हतं. क्लेमला शहरात नोकरी बघावी लागणार होती, आणि टेकडीपलीकडचं छोटं घर, जिथं ब्राइडीनं नुकतेच पडदे लावले होते, बंद करावं लागणार होतं. हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. टेबलावर मीठ पुढे सरकवताना सगळ्यांना ते माहीत असायचं.

क्लेमचं म्हणणं वेगळं होतं. उपाशीची माती वाईट नाही. वर्षानुवर्षं ट्रॅक्टरच्या वजनानं तीस सेंटिमीटरवर कडक थर बसलाय, मुळं तिथंच अडतात. तो थर फोडला की मुळं खाली जातील, आणि खाली जुना ओलावा आहे. मर्व्ह म्हणायचा, माझ्या वडिलांनीही नांगर खोल घातला होता. तेव्हाही उपाशी उपाशीच राहिला.

मे महिन्यात, पेरणीच्या आधी, शेवटी मर्व्ह म्हणाला, "एक पट्टा घे. तुझ्या त्या खोल नांगराचे लांब दात घाल. ऑक्टोबरात तुझी बायको मोजेल. ऐंशी सेंटिमीटरवर सरासरी पाच मुळं दाखवली, तर इव्हानचा कागद चुलीत. नाही दाखवली, तर मी सही करणार आणि तू तोंड वाकडं करायचं नाही."

"ऐंशीच का?" क्लेमनं विचारलं.

"कारण ऑक्टोबरातला वाळवणारा वारा ऐंशीपर्यंत पोचत नाही," ब्राइडी म्हणाली. त्या जेवणातलं तिचं ते एकुलतं एक वाक्य. मर्व्हनं मान हलवली. दोघं एका बाजूनं बोलायची ती पहिलीच वेळ, आणि नेमकी क्लेमच्या विरुद्ध वाटावी अशी.

क्लेमनं पट्ट्यात अर्धा मीटर खोल दात घातले. दाताच्या प्रत्येक रेघेवर थर फुटला. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. दोन्हींत एकच गहू पेरला.

ऑक्टोबरात गहू फुलावर आला तेव्हा मला दोरीखालून काढलं. चादरी खाली लोंबल्या, आणि डल्सी म्हणाली की या घरात मुळांना माणसांपेक्षा मान आहे. बुधवार होता. इव्हान सोमवारी कागद घेऊन येणार होता.

ठरलं होतं बारा कांड्या काढायच्या. सहा फोडलेल्या पट्ट्यातून, सहा साध्या पट्ट्यातून. क्लेमनं कुंपणाचे खांब ठोकायचं दोन कानांचं वजन माझ्या डोक्यावर घातलं आणि मला खाली पाठवलं. खाली जाताना काय वाटतं ते सांगते. पहिले दहा सेंटिमीटर म्हणजे गर्दी, बाजारासारखी. मग थर येतो आणि कानात दडे बसतात. त्याखाली शांत, थंड. तिथं कुणी भेटलं तर फार बरं वाटतं.

ब्राइडीची पद्धत अशी. प्लास्टिकच्या पाइपाची अर्धी चिरलेली पन्हळ, तिचं एक टोक लाल रंगवलेलं. लाल म्हणजे जमिनीचा वरचा भाग. कांडी पन्हळीत घ्यायची आणि दर दहा सेंटिमीटरवर बिस्किटासारखी मोडायची. दोन्ही मोडांवर पांढऱ्या मुळांची टोकं दिसतात, ती भिंगातून मोजायची. तपकिरी टोकं गेल्या वर्षीची, मेलेली, ती सोडायची. मग वहीत लिहायचं.

साध्या पट्ट्यातल्या सहा कांड्या तिनं स्वतः पन्हळीत घेतल्या. मग उत्तरेकडून वारा सुटला. डोळ्यांत वाळू जायला लागली. ती भिंग आणि वही घेऊन गाडीच्या आडोशाला मोजत बसली. क्लेम म्हणाला, तू मोज, उरलेल्या सहा मी काढून आणतो.

आणि इथं घोटाळा झाला.

क्लेम कापणीच्या दिवसांत गावच्या धान्याच्या कोठारावर नमुने काढायचं काम करतो. गव्हानं भरलेल्या ट्रकमध्ये लांब नळी खुपसायची आणि काढलेला गहू पन्हळीत ओतायचा. तिथला शिरस्ता असा की ट्रकच्या तळचा गहू खुणेच्या टोकाला येऊ द्यायचा, कारण भुसा आणि ओला दाणा लपवायचा तर लोक तळाशीच लपवतात. दहा वर्षं त्याच्या हातांना तीच सवय. वाऱ्यात डोळे मिटून त्यानं मला धरलं आणि सहाच्या सहा कांड्या तशाच ओतल्या. तळ लाल टोकाला, माथा दुसऱ्या टोकाला.

मला कळत होतं. पण नळीला विचारतं कोण? मला तर तोंड चिंध्यांनी पुसून बाजूला ठेवलेलं.

रंगावरून ओळखू आलं असतं, पण उपाशीची वाळू वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची. ब्राइडीनं मोजलं. ऐंशीवर बारा. मग सोळा. मग चौदा. तिचा चेहरा मी इतका उघडा कधी पाहिला नव्हता. वरच्या भागात मुळं कमी, खाली दाट. वरची वाळू वाळली म्हणून मुळं खाली पळाली असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. माणसाला हवं ते निघालं की कारणं आपणहून सापडतात.

रात्रीच्या जेवणाला तिनं आकडा सांगितला. फोडलेल्या पट्ट्यात ऐंशीवर सरासरी चौदा, साध्यात जेमतेम एक.

मर्व्ह म्हणाला, "हं."

डल्सी कानात कुजबुजल्यासारखं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ब्राइडीला म्हणाली, "हा त्याचा बऱ्यापैकी चांगला 'हं' आहे."

क्लेमनं दुसऱ्यांदा पुडिंग घेतलं. ते त्याचं नाचणं.

शनिवारी दुपारी मी कपडे धुवायच्या खोलीत कोपऱ्यात उभी होते. मोजलेली माती दर दहा सेंटिमीटरच्या तुकड्याला एक, अशा पिशव्यांत भरून ठेवलेली असते. ती चाळणीत धुऊन मुळं वेगळी करायची आणि त्यांची लांबी काढायची. त्यासाठी डल्सीचा धुण्याचा हौद वापरावा लागायचा. त्याच दिवशी तिला तिथं गावच्या शेती-प्रदर्शनात केक मांडायचे टेबलक्लॉथ भिजवायचे होते. दोघींचं फार सभ्यपणे चाललं होतं.

डल्सीनं हौदाच्या कडेकडे बोट दाखवलं. "हा पाहुणा तुझा की माझा?"

एक गोगलगाय होती. करंगळीच्या नखाएवढी, पांढऱ्या शंखाची, गव्हाच्या रानात धाटांना लटकून राहतात त्यातली. शिंगं काढून, अगदी सावकाश, एका उघड्या पिशवीतून बाहेर येत होती. पिशवीवर ब्राइडीच्याच अक्षरात लिहिलं होतं: फोडलेला पट्टा, कांडी चार, नव्वद ते शंभर.

ब्राइडी हातातली चाळणी तशीच धरून उभी राहिली. मीटरभर वाळूखाली सहा महिने जिवंत राहून फिरायला निघणारी गोगलगाय तिला माहीत नव्हती. कुणालाच माहीत नसते. तिनं पिशवी हातावर ओतली. वाळू, दोन पांढरी मुळं, आणि यंदाच्या गव्हाचं एक हिरवं, कोवळं पान.

तिनं क्लेमला हाक मारली. पन्हळ कशी धरलीस ते दाखव म्हणाली. क्लेमनं मला उचललं, वळवलं, आणि अर्ध्यात थांबला.

डल्सीनं टेबलक्लॉथ उचलला आणि बाहेर निघून गेली. काही बायकांना कधी जायचं ते कळतं.

"बाबांनी चौदा मानलेत," क्लेम म्हणाला. "सोमवार तेवढा जाऊ दे. मग सांगू."

"सोमवार गेल्यावर गोगलगाय खाली उतरणार आहे का?"

"ब्राइडी, घर जाईल आपलं."

"माहीत आहे." तिनं गोगलगाय उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "पण चौदा धरून पुढल्या वर्षी आख्खा उपाशी नांगरणार तूच ना? माझ्या खोट्या आकड्यावर तू तुझी वर्षं पेरशील, आणि मी तुला जेवायला वाढत बसेन. ते मला नाही जमणार."

क्लेम मला हातात धरून उभा होता. त्याची पकड घट्ट झाली, मग सैल झाली. "पन्हळ मी उलटी धरली," तो म्हणाला. "मीच सांगतो."

त्यानं सांगितलं. मर्व्ह चहा घेत होता. ऐकून झाल्यावर त्यानं कप बशीत ठेवला आणि म्हणाला, "कोठारावरची सवय. ती मीच लावली तुला, पंधरा वर्षांचा होतास तेव्हा." मग ब्राइडीकडे वळला. "आता वही आण. त्या दिवशी मी तुझी नुसती सरासरी ऐकली होती. आज सगळे बघतो."

खरं तर पुन्हा मोजायची गरजच नव्हती. कांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलेलीच होती. उलटीकडून वाचलं की खरा आकडा मिळत होता. ब्राइडीनं वाचलं. फोडलेल्या पट्ट्यात, ऐंशीवर: शून्य, नऊ, शून्य, एक, आठ, शून्य.

"सरासरी तीन," ती म्हणाली. "पाच नाहीत."

"नाहीत," मर्व्ह म्हणाला. "हरलात तुम्ही."

क्लेमनं ठरल्याप्रमाणे तोंड वाकडं केलं नाही. खूप कष्ट पडले त्याला.

"पण नऊ आणि आठ कुठून आले?" मर्व्हनं विचारलं.

त्या दोन कांड्या बरोबर दाताच्या रेघेवरच्या होत्या, ब्राइडीनं सांगितलं. शून्य आले ते दोन दातांच्या मधले. मूळ शेजारची फट शोधत आडवं जात नाही. समोर उघडं मिळालं तर उतरतं, नाही तर वरच वेटोळं घालतं.

"म्हणजे दात जवळ आणायला पाहिजेत," क्लेम म्हणाला.

"हे तू कधी म्हणतोस याचीच वाट बघत होतो," मर्व्ह म्हणाला, आणि बोट दुसऱ्या रकान्यावर नेलं. साधा पट्टा. न फोडलेला. शून्य, शून्य, शून्य, सात, शून्य, शून्य. त्याचं बोट थांबलं. "हा सात कुठला? तिथं तर कुणी दात घातला नाही."

ब्राइडीनं त्या आकड्याभोवती बारीक गोल केला होता. का ते तिलाही कळलं नव्हतं. सरासरीत तो सात पार विरघळून गेला होता.

मर्व्हनं टोपी घातली. "ती नळी घे. जागा दाखव."

सगळे उपाशीवर गेले, डल्सीसुद्धा, हातावर मैदा तसाच. चौथ्या कांडीच्या जागी खुणेसाठी रोवलेल्या खुंटीपासून वीतभर अंतरावर मला उभं केलं. या वेळी वजन मर्व्हनं मारलं. मी खाली गेले, थरापाशी दडे बसतील म्हणून तयार राहिले, आणि बसलेच नाहीत. तिथं थरात एक वाट होती. मऊ, काळी, भुसभुशीत, मनगटाएवढी जाड. मी तिच्यातून अशी उतरले की मर्व्हचा तोल गेला.

मला उपटलं. ब्राइडीनं लाल टोक स्वतः धरलं. कांडी मोडली. त्या काळ्या वाटेत गव्हाची पांढरी मुळं शेवयांसारखी गुंफून खाली गेलेली होती, चाळीसवर, साठवर, ऐंशीवर, आणि माझं तोंड संपलं त्याच्याही पुढे.

मर्व्ह गुडघ्यावर बसला. काळी माती बोटांवर चुरून त्यानं वास घेतला.

"इथं एक खुंट होता," तो म्हणाला. "मॅलीच्या झाडाचा. मी अकरा वर्षांचा होतो. बाबा आणि मी तो दोन दिवस खणत होतो. एवढा मोठा गड्डा. आख्खा हिवाळा जळला चुलीत." थोडं थांबून म्हणाला, "खालची मुळं तोडून तशीच सोडली होती. कुजली असतील. त्यांच्याच भोकांतून जातोय हा गहू."

वारा होता.

"म्हणजे खाली जाता येतं," मर्व्ह म्हणाला. "कुठून जायचं एवढाच प्रश्न." मग ब्राइडीकडे बघून, "दात निम्म्या अंतरावर आणले, तर पुढल्या वर्षी ऐंशीवर किती होतील?"

क्लेम श्वास रोखून तिच्याकडे बघत होता. तिनं पाच म्हटलं असतं तरी चाललं असतं. सहा म्हटलं असतं तर आणखी बरं.

"माहीत नाही," ब्राइडी म्हणाली.

मर्व्ह "हं" म्हणाला. मग खिशातून फोन काढून टेकडीच्या माथ्यावर चढला; उपाशीचा एकच गुण सगळ्यांना आधीपासून मान्य होता, की तिथं फोन लागतो. त्याचं बोलणं वाऱ्याबरोबर खाली आलं.

"इव्हान, सोमवारी येऊ नकोस रे... नाही, दुसऱ्या कुणाला दिलं नाही... नाही, किमतीचं काही नाही... कधी ते सांगता येत नाही. ती मोजतेय अजून."

डल्सीनं मैद्याच्या हातानंच सुनेच्या पाठीवर थाप मारली. त्या काळ्या कोटावरचा पांढरा पंजा कितीतरी दिवस गेला नाही.

हे सगळं गेल्या ऑक्टोबरातलं. मे महिन्यात क्लेमनं दात निम्म्या अंतरावर आणून अर्धा उपाशी फोडला. मर्व्ह ट्रॅक्टरच्या मागून चालत होता आणि जिथं जिथं जुने खुंट होते तिथं काठ्या रोवत होता. त्याला सव्वीस आठवले. सत्ताविसाव्यावर तो आणि डल्सी अजून भांडतात. ती म्हणते तिथं कोंबड्यांचं खुराडं होतं.

मीही आता पहिल्यासारखी राहिले नाही. दर हंगामात तोंड घासून घासून चार बोटं उंची गेली. एका बाजूला पोचा आलाय. शेडच्या भिंतीवर मला दोन खिळे दिलेत, दोरीला टेकू म्हणून डल्सीनं दुसरा बांबू आणलाय. पन्हळीच्या लाल टोकावर ब्राइडीनं पांढऱ्या रंगात 'वर' असं लिहिलंय. क्लेम ते बघून दर वेळी खाकरतो.

माझं मागणं फार नाही. मला सरळ धरा. तिरकी धरून खोली वाढवू नका. घाई असेल तर दुसऱ्या दिवशी या. आणि मी शून्य आणलं तर शून्यच लिहा. ते मी मीटरभर खाली जाऊन आणलेलं असतं. सगळ्यांची बेरीज करून भागायच्या आधी एकेक आकडा वाचा. कोणत्या मुळाला कुठं वाट सापडली, ते भागाकारात कळत नाही.

आज पुन्हा ऑक्टोबर आहे. इव्हानचा कागद अजून खणातच आहे. चुलीतही गेला नाही, सहीही झाली नाही. ऐंशीवर काय आहे, मला ठाऊक नाही, आणि ब्राइडीलाही नाही. काल संध्याकाळी तिनं माझी धार अंगठ्यानं तपासली आणि कधी नव्हे ते गुणगुणली.

गाडी सुरू झाली. मर्व्ह वजन घेऊन आधीच मागे चढून बसलाय आणि सगळ्यांना उशीर झाला म्हणतोय. चला, मला खाली जायचंय.